‘द मेग’मधला शार्क मारियाना गर्तेत खरोखर जगू शकला असता का, आणि नसल्यास चित्रपटाचे काय बिघडते?

पाणबुडा (प्रश्न)

‘द मेग’ हा २०१८ सालचा चित्रपट नुकताच दुसऱ्यांदा पाहिला आणि पहिल्या वेळी करमणुकीच्या भरात मागे पडलेले प्रश्न या वेळी स्वस्थ बसू देईनात. कथा बहुतेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेचा आपण जो तळ समजतो तो खरा तळ नसून हायड्रोजन सल्फाइडचा एक थंड थर आहे, त्याखाली उबदार पाण्याचे एक स्वतंत्र जग आहे आणि लाखो वर्षांपूर्वी नामशेष झाला असे मानला गेलेला मेगालोडॉन हा अवाढव्य शार्क तेथे सुखेनैव नांदतो आहे, अशी कल्पना. संशोधकांची पाणबुडी हा थर भेदून खाली जाते आणि तेथेच अडकते. तिच्या सुटकेच्या धांदलीत थराला काही काळ वाट पडते व त्या वाटेने शार्क वर येतो. मग नायक जेसन स्टेथम आणि शार्क यांची जी जुंपते ती शेवटपर्यंत.

मला पडलेला पहिला प्रश्न आकाराचा आहे. पडद्यावर दिसतो तेवढा मोठा शार्क कधी काळी खरोखर होता काय, की नेहमीप्रमाणे राईचा पर्वत केला आहे? दुसरा प्रश्न त्या गर्तेतील वास्तव्याचा. समुद्राच्या तळाविषयी आपल्याला फार थोडे माहीत आहे हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडते की, तेथे काहीही असू शकेल असे वाटू लागते. पण ‘काहीही’ला काही मर्यादा असतीलच ना? आणि तिसरा प्रश्न मला सर्वांत अधिक छळतो. समजा यातील सगळेच शास्त्र भुसभुशीत निघाले, तरी काचेच्या बोगद्यात उभी असलेली ती लहान मुलगी आणि पलीकडून अंधारातून पुढे सरकणारा जबडा हे दृश्य पाहताना दोन्ही वेळा माझ्या अंगावर काटा आलाच. मग शास्त्रीय अचूकतेची उठाठेव करण्यात हशील काय? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

दंतकथा

लांबीपासून सुरुवात करतो, कारण या एका बाबतीत चित्रपटाचे नशीब विलक्षण निघाले. चित्रपटातील शार्क साधारण २३ मीटर, म्हणजे ७५ फूट लांब आहे. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा बहुतेक अंदाज १५ ते १८ मीटरच्या घरात होते, त्यामुळे हा आकडा फुगवलेला आहे असा आक्षेप सर्रास घेतला गेला आणि तो त्या वेळच्या माहितीप्रमाणे रास्तही होता. पुढे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या प्राण्याची कमाल लांबी सुमारे २४ मीटर असू शकेल असे मांडले. म्हणजे पटकथाकारांनी हवेत मारलेला बाण सात वर्षांनी लक्ष्याच्या आसपास जाऊन पडला. मात्र त्याच अभ्यासाने चित्रपटाची दुसरी बाजू पुरती लंगडी केली. त्याचे म्हणणे असे की, मेगालोडॉन हा मोठ्या केलेल्या पांढऱ्या शार्कसारखा आखूड आणि गुबगुबीत नव्हता, तर लांबट व सडपातळ होता. चित्रपटातला शार्क मात्र नेमका फुगवलेला पांढरा शार्क आहे. लांबी जुळली आणि देह चुकला, असा हा प्रकार.

एवढी मोठी तफावत कशामुळे होते, हे समजून घेण्यासारखे आहे. शार्कचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो आणि कूर्चा मातीत टिकत नाही. त्यामुळे दीड कोटीहून अधिक वर्षे जगभरच्या समुद्रांत वावरलेल्या या प्राण्याचे आपल्या हाती राहिले ते मुख्यतः दात, काही मणके आणि त्वचेवरील काही खवले. दात मात्र विपुल आहेत. मोठ्यात मोठे दात तिरकस मोजल्यास १८ सेंटिमीटरच्या आसपास भरतात. असा दात हातात घेतला की तळहात झाकला जातो आणि कडेवरून बोट फिरवले की करवतीसारखे बारीक दाते लाखो वर्षांनंतरही जाणवतात. पण दातावरून देह मोजणे हे भलतेच निसरडे काम आहे. जबड्यातील पुढचे दात मोठे आणि उंच, तर कोपऱ्यांतले लहान व आडवे असतात, आणि सापडलेला दात नेमका कोणत्या जागेचा हे ठरवण्यावर सगळे गणित अवलंबून असते. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये १९०९ साली जबड्याची जी प्रसिद्ध प्रतिकृती तयार केली गेली तिच्यात सगळेच दात जवळपास सारख्या मोठ्या आकाराचे बसवले होते. परिणामी जबडा प्रमाणाबाहेर मोठा झाला आणि त्यावरून ३० मीटर लांबीच्या शार्कची कल्पना रूढ झाली. त्या जबड्यात आरामात बसलेल्या माणसांची छायाचित्रे आजही फिरत असतात. चित्रपटवाल्यांच्या डोक्यात जो शार्क आहे त्याचा वंशवृक्ष या प्रतिकृतीपर्यंत नेता येईल असे माझे मत आहे.

दातांपेक्षा मणके अधिक भरवशाचे. बेल्जियममध्ये १९व्या शतकात सापडलेला एकाच प्राण्याचा सुमारे दीडशे मणक्यांचा संच ब्रसेल्सच्या संग्रहालयात आहे आणि २०२२ मध्ये त्याच्या आधारे त्रिमितीय प्रतिमान तयार करून तो प्राणी सुमारे १६ मीटर लांब व ६१ टन वजनाचा असावा असा निष्कर्ष काढला गेला. डेन्मार्कमध्ये सापडलेल्या एका मणक्याचा व्यास २३ सेंटिमीटर आहे, जो बेल्जियमच्या सर्वांत मोठ्या मणक्याच्या जवळपास दीडपट होतो. हाच मणका २४ मीटरच्या नव्या अंदाजाचा पाया आहे. एका मणक्यावर एवढा मोठा डोलारा उभा करावा काय, याविषयी मतभेद आहेत आणि मी स्वतःही १६ ते २० मीटरच्या पुढे जाताना अडखळतो.

चाव्याच्या ताकदीबाबत मात्र चित्रपटाने काहीही फुगवलेले नाही. २००८ मधील एका संगणकीय अभ्यासानुसार मेगालोडॉनच्या चाव्याचा जोर १ लाख ८ हजार ते १ लाख ८२ हजार न्यूटन इतका असावा. आजच्या मोठ्या पांढऱ्या शार्कचा तो सुमारे १८ हजार न्यूटन निघतो. देवमाशांच्या जीवाश्म हाडांवर या दातांच्या खुणा सापडतात, तेव्हा हे सामर्थ्य नुसते कागदावरचे नाही.

वेगाचे म्हणाल तर तेथे हात राखून बोलावे लागते. २०२२ च्या प्रतिमानाप्रमाणे त्याची नेहमीची संथ चाल ताशी पाच किलोमीटरच्या आसपास होती आणि खवल्यांची रचना पाहता सतत भरधाव पोहणाऱ्यांपैकी तो नसावा, असे त्यानंतरचे संशोधन सुचवते. भक्ष्यावर झेपावताना तो अर्थातच अधिक वेग घेत असेल, पण नौकेचा मिनिटेच्या मिनिटे पाठलाग करणारा शार्क ही पडद्याची गरज आहे.

अतळ

आकाराचा वाद दंतकथा यांनी नीट मांडला आहे, पण माझ्या मते लांबी ही या चित्रपटातील सर्वांत किरकोळ चूक आहे. खरी चूक पत्त्याची आहे. मेगालोडॉनला गर्तेत नेऊन ठेवणे म्हणजे त्याच्याविषयी जे जे निश्चित ठाऊक आहे ते सगळे एका फटक्यात पुसून टाकणे होय.

गर्तेचा सर्वांत खोल भाग, चॅलेंजर डीप, हा सुमारे १०,९०० मीटर खोल आहे. तेथील दाब पृष्ठभागावरील दाबाच्या हजारपटींहून अधिक आणि पाण्याचे तापमान गोठणबिंदूच्या जेमतेम एक-दोन अंश वर असते. आता दाबाने शार्क चिरडला जाईल असे पुष्कळांना वाटते, पण ते तसे नाही. शार्कला हवेची पिशवी नसते, शरीरात पोकळी नसली की दाब सगळीकडून सारखा येतो आणि चिरडण्यासारखे काही उरत नाही. याच कारणाने वर येताना तो फुटायलाही नको, आणि तो चित्रपटात फुटत नाही हे योग्यच आहे. अडचण त्याहून सूक्ष्म पातळीवर आहे. प्रचंड दाबाखाली पेशींतील प्रथिनांचे आकार बिघडतात. खोल पाण्यातील मासे त्यावर उपाय म्हणून ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड हे रसायन शरीरात साठवतात आणि जितके खोल जावे तितके ते अधिक साठवावे लागते. साधारण ८,२०० ते ८,४०० मीटरवर अशी वेळ येते की, माशाचे शरीर समुद्राच्या पाण्याइतके खारट होते. त्याखाली आणखी रसायन साठवले तर बाहेरचे पाणी शरीरात घुसू लागेल. कॅमेऱ्याने टिपलेला आजवरचा सर्वांत खोल मासा २०२२ मध्ये जपानजवळच्या गर्तेत ८,३३६ मीटरवर दिसला, आणि ही नोंद त्या हिशेबाशी चोख जुळते.

शार्कचे तर याहून अवघड आहे. त्यांच्या रक्तात मुळातच भरपूर युरिया असल्यामुळे शरीर आधीच समुद्राइतके खारट असते आणि त्या रसायनासाठी जागा करायची तर युरिया कमी करावा लागतो. ही अदलाबदल एका मर्यादेपर्यंतच शक्य आहे. शिवाय तरंगत राहण्यासाठी त्यांना यकृतात तेलाचा मोठा साठा बाळगावा लागतो आणि तेल तयार करायला पोटभर अन्न लागते, जे खोलात नसते. कारण कोणतेही प्रमुख धरा, परिणाम असा की बहुतेक सगळे शार्क ३,००० मीटरच्या वरच राहतात आणि सर्वांत खोल विश्वासार्ह नोंदी ३,७०० मीटरच्या आसपास थांबतात. म्हणजे चित्रपटाने शार्कला त्याच्या ज्ञात मर्यादेच्या जवळपास तिप्पट खोल नेले आहे.

मग तो उबदार पाण्याचा थर? समुद्रतळावर उष्णजलाचे झरे असतात हे खरे, आणि त्यांतील काहींचे पाणी ४०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. पण झऱ्याच्या तोंडापासून थोडे दूर गेले की तेच पाणी आजूबाजूच्या थंड पाण्यात मिसळून निवते. उरलेसुरले कोमट पाणी हलके असल्याने वर चढते, ते थंड थराखाली दबून राहणार नाही. खाली गरम आणि वर थंड अशी मांडणी टिकायची तर खालचे पाणी विलक्षण खारट व जड असावे लागते. तांबड्या समुद्राच्या तळाशी अशी खारी डबकी खरोखर आहेत आणि त्यांचे तापमान ६० अंशांच्या वर जाते, परंतु तेथे शार्क तर सोडाच, कोणताही मासा जगत नाही. ज्या हायड्रोजन सल्फाइडचा पडदा चित्रपटाने मध्ये धरला आहे तो वायू पेशींचा श्वासोच्छ्वासच बंद पाडतो. पडदा म्हणून तो नाट्यपूर्ण असेल, शेजारी म्हणून जीवघेणा आहे.

आणि शेवटी पोटाचा प्रश्न. दातांच्या रासायनिक परीक्षणावरून २०२३ मध्ये असे दिसून आले की, मेगालोडॉनच्या शरीराचे तापमान सरासरी २७ अंशांच्या आसपास, म्हणजे भोवतालच्या पाण्यापेक्षा सुमारे सात अंश अधिक असे. अंशतः उष्णरक्ती असलेल्या ६० टनांच्या शिकाऱ्याला दररोज सुमारे ९८ हजार किलोकॅलरी अन्न लागत असावे, असा आधीच्या वर्षीचा अंदाज होता. गर्तेत वरून काय पडते? मेलेल्या प्लवकांचा चुरा, विष्ठा, कधीमधी एखादे कलेवर. या शिदोरीवर तेथे लहान कवचधारी जीव, समुद्रकाकड्या आणि बोटभर लांबीचे किडे गुजराण करतात. चित्रपटाने शार्कची सोय व्हावी म्हणून एक महाकाय माखलीवर्गीय प्राणी ठेवला आहे खरा, पण मग त्याने काय खायचे?

माझी मुख्य तक्रार मात्र वेगळी आहे. खरा मेगालोडॉन किनाऱ्याजवळच्या उबदार पाण्यात वावरणारा होता. पनामातील सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत पिल्लांचे दात एवढ्या संख्येने मिळतात की, तेथील उथळ पाणी ही त्यांची बालवाडी असावी असे अभ्यासक मानतात. माणसाला भीती वाटायला हवी ती याची! ज्या गुडघाभर-कमरेभर पाण्यात आपण बिनधास्त उतरतो त्याच्या जरा पुढेच हा प्राणी पिल्ले वाढवत होता. असे असताना त्याला अकरा किलोमीटर खोल पुरून ठेवण्याचे एकच कारण दिसते. इतके दिवस तो कोणाला दिसला कसा नाही, या प्रश्नाला काहीतरी उत्तर द्यायला हवे होते.

पहिली रांग

अतळ यांचा शेवटचा परिच्छेद मला पटला, आणि तोच धागा पकडून तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

चित्रपटाने विज्ञानाचे नियम मोडले म्हणून प्रेक्षक उठून जात नाही. स्वतःच घालून दिलेला नियम मोडला की त्याचा रस आटतो. हा चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला आहे ती स्टीव्ह ऑल्टन यांची १९९७ सालची कादंबरी शास्त्राच्या बाबतीत काही फार सोवळी नाही. तिच्या सुरुवातीलाच मेगालोडॉन टायरॅनोसॉरसला फस्त करतो आणि या दोन प्राण्यांमध्ये चार कोटींहून अधिक वर्षांचे अंतर आहे. तरीही तिच्यात एक शिस्त आहे. पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहिलेला तिथला शार्क पांढराफटक आहे, त्याला उजेड सोसत नाही आणि म्हणून तो रात्रीच पृष्ठभागावर येतो. थंड थर ओलांडण्यासाठीही तेथे एक भीषण पण तर्कशुद्ध तोडगा आहे. जखमी होऊन वर ओढल्या गेलेल्या नराच्या उष्ण रक्ताच्या धारेतून मादी वर येते. एक कल्पित गृहीतक मान्य केले की पुढचे सगळे त्यातून ओघाने येते, आणि रात्र पडू लागली की वाचकाच्या पोटात गोळा येतो.

चित्रपटाने हीच शिस्त सोडून दिली. अनंत काळ अंधारात काढलेला शार्क भर दुपारी गजबजलेल्या किनाऱ्यावर येतो, त्याच्या डोळ्यांना उजेडाचा काही त्रास होत नाही आणि कोणत्याही पात्राला याचे आश्चर्य वाटत नाही. रात्रीची भीती गेली आणि तिच्या जागी तरंगत्या रबरी चकत्यांत बसलेली शेकडो माणसे आली. तो प्रसंग गंमतीदार आहे, वरून घेतलेल्या दृश्यात गर्दीखालून सरकणारी ती काळी सावली उत्तमच आहे, पण भीतीची जागा कुतूहलाने घेतलेली असते. आता हा कोणाला गिळतो ते पाहू, एवढेच उरते. त्यातही अमेरिकेतील प्रमाणपत्र सौम्य गटाचे मिळवायचे असल्याने गिळणेसुद्धा बेताने.

पाणबुडा यांना काचेच्या दृश्यात काटा आला याचे कारण तेथे चित्रपट काही काळ गप्प बसतो. खेळणे घेऊन रमलेली मुलगी, बाहेरचा निळाकाळा अंधार, आणि मग त्या अंधाराचाच एक भाग हलतो. जबडा काचेवर मिटतो आणि निघून जातो तेव्हा मागे दातांचा अर्धगोल उमटलेला राहतो. प्राणी किती मोठा आहे हे आपल्याला त्या खुणेवरून कळते, शेपटीपासून तोंडापर्यंत त्याला दाखवून नव्हे. १९७५ च्या ‘जॉज’मध्ये यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात वारंवार बंद पडत असल्यामुळे दिग्दर्शकाला तो फारसा दाखवता आला नाही आणि त्या अडचणीतूनच भीती दाखवण्याची एक पद्धत जन्माला आली, हा किस्सा सर्वश्रुत आहे. संगणकावर शार्क घडवता येऊ लागल्यापासून ती अडचण राहिली नाही, आणि तिने घडवलेला संयमही राहिला नाही.

तरीही मी या चित्रपटाला नावे ठेवणार नाही. पहिला शार्क मारून नौकेवर टांगल्यावर सुटकेचा निःश्वास टाकावा, तोच त्याहून मोठा दुसरा शार्क पाण्यातून उसळावा, ही युक्ती जुनी असली तरी चपखल बसली आहे. स्टेथम सगळा वेळ अगदी गंभीर चेहऱ्याने वावरतो, हेही फार मोलाचे आहे. त्याने एकदा जरी प्रेक्षकांकडे पाहून डोळा मिचकावला असता तर सगळा डाव उधळला असता.

शंकासुर

वरील चर्चा वाचनीय आहे, परंतु दोघाही अभ्यासकांच्या स्वरातील ठामपणा मला थोडा खटकतो. सीलाकँथ हा मासा डायनासोरांबरोबरच संपला असे सगळे धरून चालले होते आणि १९३८ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जाळ्यात जिवंत सापडला. मेगामाउथ हा साडेचार मीटर लांबीचा शार्क १९७६ मध्ये हवाईजवळ एका जहाजाच्या सागरी नांगरात अडकेपर्यंत विज्ञानाला ठाऊकच नव्हता. मग गर्तेत नसेना का, पण महासागरात अन्यत्र कोठेतरी मूठभर मेगालोडॉन तग धरून असतील, ही शक्यता अजिबातच नाही असे कसे म्हणता येईल? मेगालोडॉनचे काही दात अवघ्या ११ हजार वर्षांपूर्वीचे आहेत असेही माझ्या वाचनात आले आहे.

दंतकथा

शंका अगदी योग्य आहे, कारण ही दोन उदाहरणे या वादात नेहमी दिली जातात आणि वरवर पाहता ती बिनतोड वाटतात.

आधी त्या ११ हजार वर्षांविषयी. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाच्या १८७२ ते १८७६ या मोहिमेत पॅसिफिकच्या तळावरून मेगालोडॉनचे दात वर आले होते. त्यांच्यावर मँगनीजचे पुट चढले होते. १९५९ मध्ये हे पुट एका ठरावीक गतीने चढते असे धरून दातांचे वय ११ हजार ते २४ हजार वर्षे काढण्यात आले. प्रत्यक्षात ती गती जागोजागी बदलते आणि खोल समुद्रात पुट दहा लाख वर्षांमागे काही मिलिमीटर इतक्या संथपणे चढू शकते. शिवाय दात जुन्या थरांतून झिजून उघडे पडल्यावर पुट चढू लागले असेल तर ते दाताचे वय सांगतच नाही. त्यामुळे तो हिशेब केव्हाच निकालात निघाला आहे. काळजीपूर्वक तपासलेल्या नोंदींप्रमाणे मेगालोडॉन सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी नाहीसा झाला. आधीचा अंदाज २६ लाखांचा होता, तो २०१९ मध्ये मागे सरकला.

आता सीलाकँथ. तो दोन मीटरच्या आतबाहेर असतो, शे-दोनशे मीटर खोल खडकाळ कपारींत दिवस काढतो आणि अशा जागी जीवाश्म बनण्याची शक्यता फार कमी असते. त्याची जीवाश्मांची नोंद मुळातच विरळ होती, म्हणून ती खंडित झाल्याने फारसे सिद्ध होत नव्हते. मेगालोडॉनचे अगदी उलट आहे. एकेक शार्क आयुष्यभरात हजारो दात गाळतो आणि दात हा शरीराचा सर्वांत टिकाऊ भाग. अंटार्क्टिका वगळता प्रत्येक खंडाच्या किनाऱ्यांवर लाखो वर्षांच्या थरांत हे दात सापडत राहतात आणि मग एका थरानंतर ते मिळेनासे होतात. त्याच जागी, त्याच पाण्यात पांढऱ्या शार्कचे दात मात्र पुढेही मिळत राहतात. जो बोलकाच नव्हता त्याच्या मौनाला अर्थ नसतो, पण अखंड बडबडणारा एकाएकी गप्प झाला तर त्याची दखल घ्यावी लागते. आजही तो हयात असता तर त्याचे ताजे, पांढरे दात समुद्रतळावर पडलेले आणि देवमाशांच्या अंगावर हातभर रुंदीचे चावे दिसले असते.

मेगामाउथ हा प्लवक गाळून खाणारा, दिवसा खोल जाणारा, कोणाच्या वाटेला न जाणारा प्राणी आहे. त्याला लपणे जमते. देवमासे खाणाऱ्याला देवमासे असतील तेथे राहावे लागते आणि देवमाशांना श्वासासाठी पृष्ठभागावर यावेच लागते.

तो का संपला याचे एकच एक कारण सांगता येत नाही. हवामान थंड होत गेले, समुद्राची पातळी खालावून उथळ किनारी क्षेत्रे आक्रसली, त्याच्या आवडीच्या मध्यम आकाराच्या देवमाशांच्या अनेक जाती नाहीशा झाल्या आणि त्याच सुमारास लहान पण चपळ असा पांढरा शार्क त्याच ताटात जेवू लागला. भूक मोठी असणाऱ्याला टंचाई आधी जाणवते.

पहिली रांग

शंकासुर यांच्या शंकेला आणखी एक संदर्भ आहे, जो येथे नोंदवला पाहिजे. २०१३ मध्ये डिस्कव्हरी वाहिनीने आपल्या शार्क सप्ताहात मेगालोडॉन अजून जिवंत असल्याचा दावा करणारा दोन तासांचा कार्यक्रम दाखवला. त्यातील शास्त्रज्ञ नट होते आणि चित्रफिती बनावट होत्या. काही गोष्टी नाट्यरूपात मांडल्या आहेत अशी मोघम सूचना ओझरती दाखवली गेली, तीही अशी की कोणाच्या लक्षात येऊ नये. पुढे बराच गदारोळ झाला, पण अनेक प्रेक्षकांच्या मनात बसलेली समजूत काही गेली नाही.

म्हणून पाणबुडा यांच्या ‘उठाठेवी’च्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, ती करायची कोठे हे पाहावे. ‘द मेग’ स्वतःला कल्पित कथा म्हणवून घेतो आणि तिकीट काढणाऱ्यालाही ते ठाऊक असते. त्यातील थंड थरामुळे कोणाचे काही बिघडत नाही. माहितीपटाचा वेश घेऊन आलेल्या बनावाने मात्र बिघडते, कारण तेथे प्रेक्षक विश्वास टाकूनच बसलेला असतो.

पाणबुडा

सर्वांचे आभार. विशेषतः उथळ पाण्यातील बालवाडीची माहिती मला अगदीच नवी होती आणि त्यावर बेतलेला चित्रपट पाहायला मला निश्चित आवडेल. शेवटची एक पृच्छा. याचा २०२३ मध्ये आलेला दुसरा भाग मी पाहिलेला नाही. शास्त्र आणि करमणूक या दोन्ही दृष्टींनी तो कितपत जमला आहे?

अतळ

शास्त्राच्या दृष्टीने तो पहिल्या भागाला साधू ठरवतो. आरंभीच कादंबरीतला तो टायरॅनोसॉरसचा प्रसंग येतो, म्हणजे पहिल्या चित्रपटाने टाळलेली चूक दुसऱ्याने मुद्दाम उकरून काढली. पण सर्वांत अजब प्रसंग पुढे आहे. सुमारे २५ हजार फूट, म्हणजे साडेसात किलोमीटरहून अधिक खोलीवर नायक पोशाखाशिवाय पाण्यात उतरतो आणि त्यापूर्वी नाकाजवळच्या हाडांतील पोकळ्या पाण्याने भरून घेतो, की दाबाने त्या चेपायला नकोत. कल्पनेत सत्याचा अंश आहे, कारण दाबाचा तडाखा पोकळ्यांनाच बसतो. पण मग फुप्फुसांचे काय? छातीतील हवा साडेसातशेपट दाबाखाली मुठीत मावेल एवढी उरेल आणि बरगड्यांना ते सोसणार नाही. शिवाय प्रचंड दाबाचा मज्जासंस्थेवर थेट परिणाम होऊन थरथर, भोवळ व संभ्रम सुरू होतो. फ्रान्समध्ये १९९२ साली दाबकक्षात, खास तयार केलेले वायूंचे मिश्रण श्वासावाटे घेऊन, हळूहळू दाब वाढवत एका पाणबुड्याने ७०१ मीटर खोलीइतका दाब सोसला. तो आजवरचा उच्चांक आहे. नायक त्याच्या दहापटींहून खोलवर पोहून परत येतो आणि त्याच्या नाकातून थोडे रक्त येते.

करमणुकीचे म्हणाल तर शेवटचा अर्धा तास बघावा. तोवर शार्क बाजूलाच पडतो आणि गर्तेतील बेकायदा खाणकाम करणाऱ्यांशी मारामारी चालते, जी पाहण्यासाठी कोणी या चित्रपटाला जात नाही.